मराठी सामान्यज्ञान शब्दकोडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी दर रविवारी सामान्यज्ञानाचं एक शब्दकोडं लावते. कोणीतरी त्याचा फोटो काढतं आणि तो कळवा, ऐरोली, नेरूळपर्यंत पोहोचतो. मग सोमवारपासून प्रश्न यायला लागतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातल्या चौकोनांची संख्या.

१. ताई, मी कधीच शब्दकोडं सोडवलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

१ आडव्यापासून तर अजिबात नको. आधी सगळे क्लू एकदा वाचून काढा आणि ज्यांना एकच उत्तर असू शकतं त्यांच्यावर खूण करा. ‘महाराष्ट्राचा राज्यप्राणी (३)’ म्हटलं की शेकरूच. ‘राज्यफूल (३)’ म्हणजे ताम्हण, ‘राज्यपक्षी (४)’ म्हणजे हरियाल, ‘राज्यवृक्ष (२)’ म्हणजे आंबा. अशी चार-पाच पक्की उत्तरं भरली की त्यांना छेदणाऱ्या शब्दांना एकेक अक्षर आयतं मिळतं. गाळलेल्या जागा आणि म्हणीसुद्धा पहिल्याच फेरीत उरकून घ्या.

‘नदी (२)’, ‘सूर्य (३)’ असे मोघम क्लू शेवटी हातात घ्यायचे. त्यांच्याबद्दल प्रश्न ५ आणि ७ मध्ये लिहिलं आहे. आणि पेन्सिल वापरा. पेनाने लिहिलेलं चुकीचं अक्षर खोडताना कागद फाटतो, आणि त्याच्या शेजारच्या बरोबर अक्षरांवरचा विश्वासही उडतो.

२. एका चौकोनात एक अक्षर म्हणजे नेमकं किती? जोडाक्षराचे दोन चौकोन धरायचे का?

नाही. जोडाक्षर कितीही अवजड असलं तरी त्याला एकच चौकोन. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग हे सगळं ज्या अक्षराला लागलंय त्याच्याच चौकोनात जातं. महाराष्ट्र : म, हा, रा, ष्ट्र, म्हणजे चार. ज्ञानेश्वर : ज्ञा, ने, श्व, र, म्हणजे चार. दुःख दोन, वाङ्मय तीन. ट्रान्सहार्बर लिहायला लांबलचक, पण चौकोन पाचच : ट्रा, न्स, हा, र्ब, र.

तीन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिलं रफार. तो ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्या चौकोनात जातो. वर्धा म्हणजे व आणि र्धा, तुर्भे म्हणजे तु आणि र्भे. दुसरं म्हणजे सुटा स्वर. मुंबईतली ई आणि जुईनगरमधली ई स्वतंत्र चौकोन घेतात, त्यामुळे मुंबई तीन आणि जुईनगर पाच. तिसरं ठिकाण उच्चाराचं. आपण बोलताना ‘पन्वेल’ म्हणतो, पण लिहितो पनवेल, म्हणून चार चौकोन. मोजणी कानाने करायची नाही, लिहिलेल्यावरून करायची.

३. आडव्या शब्दात ‘का’ आणि उभ्या शब्दात ‘क’ येत असेल तर चालतं का?

माझ्या कोड्यात चालत नाही. छेदणाऱ्या चौकोनातलं अक्षर काना-मात्रेसकट दोन्हीकडे तंतोतंत जुळलंच पाहिजे. ती सूट दिली तर त्या चौकोनाचा आधारच जातो, आणि नवख्या माणसाला पडताळा घ्यायला दुसरं काही हातात नसतं. काही कोडी फक्त ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक देतात. ती द्यायची असेल तर कोड्याच्या वर तसं स्पष्ट लिहावं.

जुन्या पद्धतीने ‘अम्बर’, ‘पङ्कज’ लिहिणारे बरेच जण आहेत. चौकोन तितकेच होतात, पण अक्षर बदलतं. ‘अंबर’चा दुसरा चौकोन ‘ब’, ‘अम्बर’चा ‘म्ब’. मग छेद जुळत नाही. मी सगळीकडे अनुस्वार धरते.

४. ‘रवि’ लिहायचं की ‘रवी’? माझ्या जुन्या शब्दकोशात तर ऱ्हस्वच आहे.

शब्द सुटा असेल तर ‘रवी’. मराठी लेखनाचे जे नियम आपण शाळेत शिकलो त्यांतले पहिले १४ नियम १९६२ चे आणि नंतरचे ४ नियम १९७२ चे. त्यांनुसार संस्कृतातून आलेले ऱ्हस्व इकारान्त-उकारान्त शब्द मराठीत सुटे वापरताना शेवटी दीर्घ होतात : रवी, कवी, बुद्धी, गुरू, पशू, भानू. हेच शब्द समासात आधी आले की मूळ ऱ्हस्व रूप परत येतं : रविवार, कविराज, बुद्धिबळ, गुरुकुल, पशुपालन. अव्ययं मात्र ऱ्हस्वच राहतात : आणि, परंतु, तथापि.

म्हणून ‘सूर्य (२)’ला रवी, पण ‘आठवड्याचा वार (४)’मध्ये दुसऱ्या चौकोनात ऱ्हस्व ‘वि’. तुमचा शब्दकोश चुकीचा नाही. त्यात संस्कृतातलं मूळ रूप दिलेलं असणार.

गावांच्या नावांचा प्रश्नही इथेच मिटतो. गावाच्या नावाअखेरचं ‘पूर’ नियमाने दीर्घ, म्हणून बेलापूर, नागपूर, सोलापूर. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ होतो (फूल, बहीण, कठीण), म्हणून मी नेरूळ लिहिते. पाट्यांवर ‘नेरुळ’ही दिसतं. कोणी ते लिहून पाठवलं तर मी चूक देत नाही, पण छापलेल्या उत्तरात ‘रू’ असतो.

५. ‘नदी (२)’ असा क्लू आला की मी अडकतेच. यादी मिळेल का?

देते, कारण सगळ्यांत जास्त मागणी याच यादीला आहे.

दोन चौकोन : तापी, भीमा, नीरा, सीना, मुळा, मुठा, कृष्णा, वेण्णा, वर्धा, पूर्णा, कऱ्हा, काळू. राज्याबाहेर गेलात तर गंगा, रावी.

तीन : कोयना, वारणा, पवना, गिरणा, दारणा, प्रवरा, मांजरा, भातसा, सावित्री, वाशिष्ठी, नर्मदा आणि आपली उल्हास.

चार : गोदावरी, इंद्रायणी, पंचगंगा, वैनगंगा, पैनगंगा, कुंडलिका, वैतरणा.

आता ही यादी जरा निरखून बघा. वारणा, गिरणा, दारणा, वैतरणा, सगळ्या ‘णा’वर संपतात. शेवटच्या चौकोनात ‘णा’ आला म्हणून हरखून जायचं कारण नाही, त्याने फारसं काही कळत नाही. मुळा आणि मुठेचा पहिला चौकोन सारखाच, तिथे सगळी मदार दुसऱ्यावर. आडनाव सारखं असलं की आपण नावाने हाक मारतो ना, तसंच नदीच्या नावात जे अक्षर वेगळं आहे त्याचा छेद आधी सोडवायचा.

कोडं चांगलं असेल तर क्लू नुसता ‘नदी’ असा नसतोच. ‘कराडला कृष्णेला मिळणारी (३)’ म्हटलं की कोयना. ‘जेजुरीजवळून वाहणारी (२)’ म्हणजे कऱ्हा. ‘टिटवाळ्याजवळून वाहणारी (२)’ म्हणजे काळू. यातही एक खाचखळगा आहे. पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत, एक तापीला मिळते आणि दुसरी मराठवाड्यात गोदावरीला. ‘तापीची उपनदी (२)’ वाचून ‘पूर्णा तर मराठवाड्यातली’ म्हणून ती खोडू नका.

६. कमळ, ढग, समुद्र यांचे संस्कृत शब्द पाठच होत नाहीत. काही युक्ती?

पाठ करूच नका. हे शब्द एकेकटे नसतात, कुटुंबाने राहतात, आणि त्या घराचा उंबरठा आहे पाणी. पाण्याला जल, नीर, वारि, अंबु, तोय, पय अशी नावं आहेत. आता शेवटी ‘ज’ लावा. ज म्हणजे जन्मलेलं. पाण्यात जन्मलेलं ते कमळ : जलज, नीरज, वारिज, अंबुज, तोयज. ‘ज’च्या जागी ‘द’ लावा. द म्हणजे देणारा. पाणी देणारा तो ढग : जलद, नीरद, वारिद, अंबुद, तोयद. ‘धी’ लावलात तर पाणी जिथे साठलंय तो समुद्र : जलधी, वारिधी, अंबुधी. ‘पय’चं रूप पुढे थोडं बदलतं, पयोद आणि पयोधी.

सहा शब्द आणि तीन शेपट्या एवढ्या भांडवलावर पंधरा-सोळा उत्तरं हाताशी येतात. कोड्यात ‘जल_’ इतकं भरून झालं असेल तर क्लू बघायचा : फूल असेल तर ज, आकाशातलं काही असेल तर द, खारं पाणी असेल तर धी. चिखल म्हणजे पंक, म्हणून पंकज. सरोवर म्हणजे सर, म्हणून सरोज.

पृथ्वीचंही असंच घर आहे. भू, मही, धरा यांना ‘धर’ जोडलं की पर्वत (भूधर, महीधर, धराधर), ‘पाल’ किंवा ‘पती’ जोडलं की राजा (भूपाल, महीपती). माझ्याकडे येणारे निम्मे ‘अवघड’ शब्द अशी फोड केली की सुटतात, म्हणून या उत्तरावर मी सगळ्यांत जास्त वेळ देते.

७. एकाच क्लूला दोन-तीन उत्तरं बसतात. मग बरोबर कोणतं?

जे छेदांना जुळेल ते. ‘सूर्य (२)’ला रवी, भानू, अर्क, मित्र चारही बसतात. ‘सूर्य (३)’ला भास्कर, आदित्य, सविता, मिहिर. ‘सूर्य (४)’ला दिनकर, दिवाकर, प्रभाकर. चौकोन चार असतील आणि शेवटी ‘क र’ आलं असेल तर जपून. निशाकर आणि सुधाकर हे चंद्राचे शब्दही तसेच संपतात, त्यामुळे नुसत्या शेपटीवरून सूर्य की चंद्र ते ठरत नाही.

उलटंही होतं. एकाच उत्तराचे अनेक क्लू. ‘कर’ म्हणजे हात, किरण आणि महापालिकेला भरायचा तोही. ‘अंबर’ म्हणजे आकाश आणि वस्त्र. ‘पय’ म्हणजे पाणी आणि दूध. ‘कनक’ म्हणजे सोनं आणि धोत्रा. ‘द्विज’ म्हणजे दोनदा जन्मलेला, म्हणून पक्षी (आधी अंडं, मग पिल्लू), दात आणि ब्राह्मण, तिन्ही. क्लू ‘दात (२)’ असेल आणि छेदाने ‘द्वि’ दिला असेल तर बिचकू नका, पुढे ‘ज’ लिहा.

सगळे छेद जुळूनही दोन उत्तरं बरोबर ठरत असतील तर दोष कोडं रचणाऱ्याचा. मला कळवा, मी दोन्हींना गुण देते.

८. ‘पावसाचं नक्षत्र’ नेहमी येतं. कोणतं नक्षत्र किती चौकोनांचं?

मृग, आर्द्रा, पुष्य, मघा, पूर्वा, हस्त ही दोन-दोन चौकोनांची. आश्लेषा आणि उत्तरा तीनची. पुनर्वसू चारचं. एकूण नऊ. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतं.

क्लूत लोकांच्या तोंडची नावं आली तर काम सोपं होतं. ‘तरणा पाऊस’ म्हणजे पुनर्वसू, ‘म्हातारा पाऊस’ म्हणजे पुष्य, ‘हत्तीचा पाऊस’ म्हणजे हस्त. ही नावं घरातल्या आजीला विचारा, तिला शब्दकोश उघडावा लागत नाही. नुसतं ‘नक्षत्र (२)’ असेल तर यादी वाढते : चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, मूळ.

९. कवींची टोपणनावं गोंधळात टाकतात. कुसुमाग्रज आणि गोविंदाग्रज यांत नेहमी चूक होते.

होणारच. दोन्ही पाच चौकोनांची, आणि दोन्हींचा शेवट ‘ग्र, ज’. अग्रज म्हणजे थोरला भाऊ. कुसुमचे थोरले भाऊ ते वि. वा. शिरवाडकर, गोविंदाचे थोरले भाऊ ते राम गणेश गडकरी. नातं लक्षात राहिलं की नाव विसरत नाही. केशवसुत (५) म्हणजे केशवाचा मुलगा, कृष्णाजी केशव दामले. केशवकुमार (६) म्हणजेही केशवाचा मुलगा, पण हे प्रल्हाद केशव अत्रे. छोट्या नावांत बी (१) म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, ग्रेस (२) म्हणजे माणिक गोडघाटे, अनिल (३) म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, बालकवी (४) म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे.

ठाणेकरांसाठी एक खास अडचण. तलावपाळीवरचं रंगायतन ज्यांच्या नावाचं, त्या गडकऱ्यांची दोन टोपणनावं आहेत आणि दोन्ही पाच चौकोनांची. कवितेला गोविंदाग्रज, विनोदी लेखनाला बाळकराम. क्लूत कविता आहे की विनोद, ते आधी वाचा.

ज्ञानपीठाचं मात्र काम सोपं आहे. मराठीतले चार मानकरी, आणि चौघांच्या आडनावांची लांबी वेगवेगळी : नेमाडे (३) २०१४, खांडेकर (४) १९७४, करंदीकर (५) २००३, शिरवाडकर (६) १९८७. आकडा बघूनच उत्तर लिहिता येतं.

१०. ठाण्यावरचे क्लू कोणते येतात?

सगळ्यांत जास्त येते ती आगगाडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची गाडी धावली. १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी आणि ओढायला तीन इंजिनं. त्या इंजिनांची नावं कोडं रचणाऱ्याला मिळालेली देणगीच आहे : सिंध (२), साहिब (३), सुलतान (४). क्लू तोच, आकडा बदलला की उत्तर बदललं. क्लूत ‘पहिली प्रवासी गाडी’ असंच म्हणायला हवं, कारण १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्सला मालवाहू रेल्वे आधीच सुरू झाली होती.

त्यानंतर खाडी. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. राज्यात त्याआधी नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांना तो मिळाला होता. ‘खाडीतला गुलाबी पाहुणा’ (३) असेल तर रोहितही बसतो आणि फ्लेमिंगोही. (४) असेल तर अग्निपंख. तीनचा असेल तर छेद लागतोच.

‘शिलाहारांच्या काळातलं ठाण्याचं नाव (४)’ : श्रीस्थानक. ‘तलावपाळीचा तलाव (३)’ : मासुंदा.

११. आणि नवी मुंबईवरचे?

‘नवी मुंबई वसवणारी संस्था (३)’ म्हणजे सिडको, स्थापना १७ मार्च १९७०. महापालिका १ जानेवारी १९९२ ची. ‘वाशीतल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव, त्या मराठी रंगभूमीच्या जनकाचं आडनाव (२)’ : भावे. त्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिला प्रयोग केला.

ट्रान्सहार्बर या लोकलमार्गावरच्या स्टेशनांची मोजणी एकदा करून ठेवा : वाशी आणि तुर्भे दोन, ऐरोली आणि रबाळे तीन, घणसोली आणि सानपाडा चार, कोपरखैरणे सहा.

जिल्ह्याचा क्लू मात्र जपून सोडवा. नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात येते, पण खारघर, पनवेल, उरण रायगड जिल्ह्यात. घारापुरीची लेणी बघायला आपण मुंबईहून बोटीने जातो म्हणून अनेक जण ‘मुंबई’ भरतात. बेटाचा जिल्हाही रायगडच (४).

१२. माझ्याकडे जुन्या कोड्यांचं पुस्तक आहे. त्यातली उत्तरं आता चुकीची निघतात, असं का?

सामान्यज्ञान शिळं होतं. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला आणि जिल्हे ३६ झाले. त्यानंतरही मी एका कोड्यात जुन्या टिपणावरून ३५ धरून क्लू दिला होता. पालघरमधल्याच एका वाचक बाईंनी ती चूक कळवली. तेव्हापासून बदलू शकणाऱ्या क्लूपुढे मी साल लिहिते.

जिल्ह्यांच्या नावांत चौकोनही बदलले. उस्मानाबाद पाच, धाराशिव चार. औरंगाबाद पाच, छत्रपती संभाजीनगर दहा. अहमदनगर सात, अहिल्यानगर सहा. पुस्तक जुनं असेल तर आकड्यावरूनच कोणतं नाव अपेक्षित आहे ते कळतं. ग्रह २००६ पासून आठ. देशातली राज्यं आता २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८. तुर्कस्तान (४) चा २०२२ मध्ये तुर्किये (३) झाला. कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये अस्तानाची नूरसुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना, म्हणजे मधल्या तीन वर्षांतली कोडीच तेवढी वेगळी.

१३. राजधान्यांमध्ये नेहमी फसायला कुठे होतं?

मोठं शहर म्हणजे राजधानी, असं धरून चाललं की. ऑस्ट्रेलियाची कॅनबेरा, कॅनडाची ओटावा, ब्राझीलची ब्रासिलिया, तुर्कियेची अंकारा, म्यानमारची नेपिडो, स्वित्झर्लंडची बर्न. दोन चौकोनी राजधान्या फार उपयोगी पडतात : रोम, ढाका, माले, दोहा, कैरो, लिमा, प्राग, बाकू, ओस्लो, थिंफू.

१४. इंग्रजी कोडी सोडवणाऱ्यांना मराठी कोडं अवघड का जातं?

शब्दसंग्रह कमी पडतो म्हणून नाही, सवय वेगळी असते म्हणून. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात जे पहिलं कोडं दिलं, तेव्हापासून तिथे चौकोनात सव्वीसपैकी एक अक्षर येतं. आपल्याकडे एकट्या ‘क’चीच बाराखडी, वर जोडाक्षरं. त्यामुळे आपल्या चौकोनात अक्षर येण्याच्या शक्यता कैक पटींनी जास्त, छेद जुळवणं रचणाऱ्याला कठीण, आणि म्हणून मराठी कोड्यात काळे चौकोन जास्त व शब्द आखूड दिसतात. पण सोडवणाऱ्याचा यात फायदाच आहे. इंग्रजीत एखादा स्वर मिळून काही विशेष कळत नाही. मराठीत ‘ष्ट्र’ किंवा ‘ण्णा’ मिळाला की शब्द जवळपास हातात आलाच.

१५. फोनवर शोधून उत्तर भरलं तर चालेल का?

चालेल. आधी दोन फेऱ्या स्वतः करा, मग शोधा. शोधलेल्या उत्तराभोवती गोल करून ठेवलात तर पुढच्या वेळी आपल्याला काय येत नव्हतं ते कळतं. ठाण्यात असाल तर मराठी ग्रंथसंग्रहालयात कोश उघडून बसा. ही संस्था १८९३ पासूनची आहे. एक शब्द शोधताना शेजारचे चार डोळ्यांखालून जातात, ती मजा फोनवर नाही.

१६. मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. त्याला कसं गोडी लावू?

उलटसुलट शब्दांपासून. नव उलटं केलं की वन, रस उलटा केला की सर. मग दोन्ही बाजूंनी सारखेच वाचले जाणारे शब्द शोधायला सांगा : नयन, सरस, कनक, जलज, समास, मध्यम, नवजीवन. ‘मध्यम’मध्ये मधलं अक्षर ‘ध्य’ हे एकच, हे मुलाला स्वतःहून सापडलं की प्रश्न २ मधली मोजणी वेगळी शिकवावी लागत नाही.

१७. मला स्वतः कोडं रचायचं आहे. किती मोठं घेऊ?

सात बाय सात. पहिल्यांदा याहून मोठं नको. सगळ्यांत लांब दोन शब्द आधी टाका आणि त्यांची अक्षरं साधी निवडा, कारण जोडाक्षराच्या चौकोनातून दुसरा शब्द काढणं जड जातं. ‘महाराष्ट्र’ टाकलात तर ‘ष्ट्र’ला छेद देणारा शब्द लागेल (राष्ट्र, सौराष्ट्र सोडले तर फारसं काही सापडत नाही), म्हणून तो चौकोन छेदाशिवाय सोडा. क, र, न, स, त, ल ही अक्षरं दोन्ही दिशांना सहज वळतात.

क्लू सगळ्यांत शेवटी लिहा आणि प्रत्येक क्लू लिहिल्यावर स्वतःला विचारा : याला दुसरं कोणतं खरं उत्तर तितक्याच चौकोनांत बसतं का? बसत असेल तर एक शब्द वाढवा. ‘राग (३)’ऐवजी ‘संध्याकाळचा, तीव्र मध्यमाचा राग (३)’ लिहिलंत की भैरव बाद झाला, पण यमन आणि मारवा दोन्ही उरले. अजून एक शब्द हवा. ‘कोमल ऋषभाचा’ जोडलं की यमन गेला. इतकी काळजी प्रत्येक क्लूची घ्यावी लागते. माझं एक कोडं व्हायला तीन संध्याकाळी जातात.

१८. ‘महाराष्ट्रातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा (२)’ला मी ‘ठाणे’ लिहिलं, उत्तरात ‘पुणे’ आहे. २०११ च्या जनगणनेत तर ठाणेच होतं!

तुमचं म्हणणं खरं आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून जास्त होती, आणि तो नुसता राज्यातलाच नाही तर देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता. पण तेव्हा पालघर त्यातच होता. २०१४ मध्ये तो वेगळा झाला आणि त्याच जनगणनेचे आकडे आजच्या हद्दींप्रमाणे मांडले तर पुणे जिल्हा सुमारे ९४ लाखांवर पुढे येतो.

म्हणजे क्लूत ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ एवढंच असेल तर ठाणे, ‘सध्याच्या हद्दीनुसार’ असेल तर पुणे. काहीच लिहिलं नसेल तर क्लू अपुरा आहे. शिवाय दोन्ही शब्द दोन चौकोनांचे, आणि दुसरा चौकोन दोन्हीकडे ‘णे’. तिथला छेद जुळला म्हणून उत्तर बरोबर आहे असं वाटतं, पण त्याने काहीच ठरत नाही. पहिल्या चौकोनातून जाणारा उभा शब्द आधी सोडवा. माझ्या कोड्यात तो ‘पुष्य’ होता.